पाठनिर्मितीचे नियोजन : अभ्यासाने साध्य होणारे कौशल्य

शाळेचे पाठ्यपुस्तक, प्रशिक्षणवर्गाची पुस्तिका, नभोवाणीवरील पाठ किंवा मोबाइलवर पाहावयाची ध्वनिचित्रफीत यांपैकी कोणतेही साहित्य विद्यार्थ्याच्या हाती पडते, तेव्हा ते घडविण्यामागे किती जणांचे श्रम आहेत याची त्याला कल्पना नसते. विषयतज्ज्ञ, लेखक, भाषातज्ज्ञ, चित्रकार, निवेदक, तंत्रज्ञ, मुद्रक आणि शेवटची मान्यता देणारा अधिकारी असे अनेक जण त्या एका पाठामागे उभे असतात. यांपैकी एकाचे काम अडले की पुढच्या सर्वांचे अडते. साहित्य कितीही उत्तम असले, तरी प्रशिक्षणवर्ग संपल्यावर ते पोहोचले, तर प्रशिक्षणार्थीच्या दृष्टीने ते तयार झालेच नाही असे म्हणावे लागते. महाराष्ट्रात २७ जानेवारी १९६७ रोजी पाठ्यपुस्तक मंडळाची, म्हणजेच ‘बालभारती’ची, स्थापना झाली. तेव्हापासून जून महिन्यात शाळा उघडण्यापूर्वी पुस्तके गावोगाव पोहोचविणे हे मंडळापुढील दरवर्षीचे कार्य राहिले आहे. शाळा उघडण्याची तारीख पुस्तकासाठी थांबत नाही, ही गोष्ट या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाने प्रथम ध्यानात घ्यावयास हवी.

शिकणाऱ्याची गरज ओळखणे, उद्दिष्टे निश्चित करणे, त्यांना अनुरूप पाठ रचणे आणि ते उपयोगी पडले की नाही हे तपासणे, या शास्त्राला अनुदेशन रचना किंवा ‘इन्स्ट्रक्शनल डिझाइन’ असे म्हणतात. विश्लेषण, रचना, निर्मिती, अंमलबजावणी आणि मूल्यमापन हे त्याचे पाच टप्पे आज सर्वत्र रूढ आहेत. १९७५ साली फ्लोरिडा राज्य विद्यापीठाने अमेरिकेच्या सैन्यदलासाठी प्रशिक्षणाचा जो विस्तृत आराखडा तयार केला, त्यात या मांडणीचे मूळ सापडते. काय करावे हे या पाच टप्प्यांवरून समजते. परंतु ते कोणी करावे, कोणत्या क्रमाने करावे, किती दिवसांत व किती खर्चात करावे, आणि मध्येच अडचण आल्यास निर्णय कोणी द्यावा, हे त्यांवरून समजत नाही. ही उणीव प्रकल्प व्यवस्थापनाने भरून निघते. पाठनिर्मितीकडे वळणारी पुष्कळ मंडळी अध्यापनाच्या किंवा लेखनाच्या क्षेत्रातून येतात. साहजिकच व्यवस्थापन हा आपला विषय नव्हे, अशी त्यांची समजूत असते. ती दूर होणे अगत्याचे आहे.

उपग्रह एका वर्षासाठी

शैक्षणिक निर्मिती आणि काटेकोर नियोजन यांची सांगड कशी असते, हे समजण्यास भारतातील एका प्रयोगाचे उदाहरण पुरेसे आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात ‘साइट’ हा उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेडी त्यासाठी निवडण्यात आली होती. १९२५ साली कोल्हापूर येथे जन्मलेले शास्त्रज्ञ एकनाथ चिटणीस यांच्याकडे या कार्यक्रमाच्या व्यवस्थापनाची धुरा होती.

प्रयोगासाठी वापरलेला ‘एटीएस-६’ हा उपग्रह अमेरिकेच्या ‘नासा’ या संस्थेचा होता आणि तो भारताला एका वर्षापुरताच उपलब्ध होता. वर्ष संपताच तो दुसरीकडे हलविला जाणार, हे आरंभापासून ठरलेले होते. मुदतवाढ मागण्याची सोयच नव्हती. सकाळी दीड तास शाळकरी मुलांसाठी आणि संध्याकाळी अडीच तास प्रौढांसाठी, असे दररोज चार तासांचे प्रक्षेपण होत असे. हिंदी, उडिया, तेलुगू आणि कन्नड या चार भाषांतील मुलांच्या वाट्याला सकाळी प्रत्येकी साडेबावीस मिनिटे येत. एखाद्या दिवशी कार्यक्रम तयार नसेल, तर त्या दिवसाची ती साडेबावीस मिनिटे त्या भाषेतील मुलांना पुन्हा कधीही मिळणार नव्हती.

अशा स्थितीत कामाची विभागणी करण्यावाचून गत्यंतर नव्हते. आकाशवाणीने दिल्ली, कटक आणि हैदराबाद येथे निर्मितीकेंद्रे उभारली. मुलांसाठी विज्ञानाचे कार्यक्रम तयार करण्याची जबाबदारी अंतराळ संशोधन संस्थेने, ‘इस्रो’ने, स्वीकारली व त्याकरिता मुंबईत चित्रणगृह चालविले. याच वर्षात दूरचित्रवाणी, नभोवाणी, छापील साहित्य आणि प्रत्यक्ष कृती यांचा मेळ घालून सुमारे ५०,००० प्राथमिक शिक्षकांना विज्ञान अध्यापनाचे प्रशिक्षण देण्यात आले. या योजनेतील प्रत्येक अंगाला दुसऱ्याची साथ हवी होती. छापील साहित्य केंद्रावर पोहोचले नाही, तर पडद्यावरील पाठ अपुरा ठरणार होता. आणि गावातील संच नादुरुस्त असेल, तर दोन्हींचा उपयोग मर्यादित होणार होता. पाठ लिहून झाला म्हणजे काम झाले असे मानता येत नाही, हा या प्रयोगाचा पहिला धडा आहे.

कामाची फोड

व्यवस्थापनाचे पहिले कौशल्य म्हणजे मोठ्या कामाची लहान कामांत फोड करणे. उदाहरणादाखल, ग्रामपंचायतींच्या नवनिर्वाचित सदस्यांसाठी बारा पाठांचा एक अभ्यासक्रम तयार करावयाचा आहे असे समजू. त्यात छापील पुस्तिका आणि प्रत्येक पाठाची ध्वनिचित्रफीत अभिप्रेत आहे. ‘अभ्यासक्रम तयार करणे’ एवढीच नोंद केल्यास आज काम कोठवर आले आहे, हे कोणालाच सांगता येणार नाही. म्हणून त्याची पुढीलप्रमाणे फोड करावी. प्रत्येक कामापुढे लागणारे कामाचे दिवस दिले आहेत.

१. सदस्यांच्या गरजांची पाहणी : १० दिवस
२. उद्दिष्टे, आराखडा व त्यास मान्यता : ६ दिवस
३. पाठलेखन : २४ दिवस
४. विषयतज्ज्ञांची तपासणी : १२ दिवस
५. चित्रे व तक्ते : १८ दिवस
६. ध्वनिमुद्रण : ६ दिवस
७. ध्वनी व चित्रे यांची जुळणी : ८ दिवस
८. प्रत्यक्ष सदस्यांवर पूर्वचाचणी : ५ दिवस
९. दुरुस्ती : ७ दिवस
१०. छपाई व वितरण : १२ दिवस

प्रत्येक काम पूर्ण झाले हे ओळखण्याची खूण आधीच ठरवून ठेवावी. ‘लेखन जवळजवळ झाले आहे’ या उत्तरातून काहीच बोध होत नाही. ‘बारापैकी सात पाठ तपासणीस दिले आहेत’ या उत्तरातून नेमकी स्थिती कळते. फोड करताना व्याप्तीही लेखी नमूद करावी. या अभ्यासक्रमात काय असेल आणि काय नसेल, या दोन्ही गोष्टी एका कागदावर याव्यात. काम निम्मे झाल्यावर ‘आणखी दोन पाठ घालावेत’ अशी सूचना हमखास येते. सूचना चांगलीही असू शकते. परंतु ती स्वीकारल्यास किती दिवस वाढतील, हे त्याच कागदाच्या आधारे सांगता येते आणि मग निर्णय घेणाऱ्याला विचारपूर्वक निर्णय घेता येतो.

दिवसांचा अंदाज

वरील दिवस कसे ठरवावेत, हा प्रश्न स्वाभाविक आहे. १९५८ साली अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी ‘पर्ट’ नावाची पद्धती विकसित झाली. तीत प्रत्येक कामासाठी तीन अंदाज घेतात : सर्व काही सुरळीत झाल्यास लागणारे दिवस, बहुधा लागणारे दिवस आणि अडचणी आल्यास लागणारे दिवस. मधल्या अंदाजाला चौपट महत्त्व देऊन सरासरी काढतात. समजा, तज्ज्ञांच्या तपासणीस लवकरात लवकर ८, बहुधा ११ आणि उशिरात उशिरा २० दिवस लागतील. ११ची चौपट ४४. त्यात ८ आणि २० मिळविल्यास ७२ होतात. त्यास ६ने भागले असता १२ दिवस येतात. नुसता ११चा आकडा धरला असता, तर उशिराची शक्यता हिशेबातून निसटली असती.

मात्र हे गणित ज्या आकड्यांवर उभे राहते, ते आकडे अनुभवातूनच मिळतात. म्हणून एक पाठ लिहिण्यास, त्याची चित्रे काढण्यास आणि तो तपासण्यास प्रत्यक्षात किती वेळ लागला, याची नोंद प्रत्येक कामाच्या वेळी ठेवावी. पाच-सहा कामांनंतर ही वही कोणत्याही पुस्तकापेक्षा अधिक उपयोगी ठरते.

निर्णायक मार्ग

यानंतर कोणते काम कोणत्या कामावर अवलंबून आहे, ते पाहावे. १९५७ च्या सुमारास अमेरिकेतील ड्यू पाँट या रसायन कंपनीत या हेतूने ‘क्रिटिकल पाथ’ म्हणजे निर्णायक मार्गाची पद्धती तयार झाली. आपल्या उदाहरणात पाहणी, आराखडा, लेखन, तपासणी, ध्वनिमुद्रण, जुळणी, पूर्वचाचणी, दुरुस्ती आणि छपाई ही कामे एकापाठोपाठ एक येतात. त्यांच्या दिवसांची बेरीज ९० होते. चित्रांचे काम मात्र आराखडा मान्य होताच, म्हणजे १६व्या दिवसानंतर, सुरू होऊ शकते आणि ते ३४व्या दिवशी संपते. चित्रांची गरज जुळणीच्या वेळी, म्हणजे ५८व्या दिवसानंतर लागते. याचा अर्थ, चित्रकाराला २४ दिवसांची सवड आहे.

या साध्या हिशेबातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. चित्रकाराने दहा दिवस उशीर केला, तरी अभ्यासक्रमाच्या तारखेस धक्का लागत नाही. उलट, तज्ज्ञांची तपासणी पाच दिवस लांबली, तर सबंध अभ्यासक्रम पाच दिवस लांबतो. हा हिशेब न करणारा प्रमुख चित्रकारामागे तगादा लावीत बसतो आणि तपासणीकडे त्याचे दुर्लक्ष होते. आपले लक्ष कोठे असावे, हे निर्णायक मार्ग दाखवितो.

वेळ वाचविण्याचा उपायही याच मार्गावर शोधावा लागतो. बाराही पाठ लिहून झाल्यावर तपासणीस देण्याऐवजी चार-चार पाठांच्या तीन तुकड्या केल्यास काय होईल? प्रत्येक तुकडीच्या लेखनास ८ आणि तपासणीस ४ दिवस लागतील. पहिली तुकडी २४व्या दिवशी लिहून होईल आणि दुसरीचे लेखन चालू असतानाच २८व्या दिवशी तपासून येईल. तिसरी तुकडी ४०व्या दिवशी लिहून होऊन ४४व्या दिवशी तपासून येईल. पूर्वी तपासणी ५२व्या दिवशी संपत होती. आता ८ दिवस वाचले आणि ९० दिवसांचे काम ८२ दिवसांवर आले. शिवाय पहिल्या चार पाठांत तज्ज्ञांनी दाखविलेल्या चुका पुढील आठ पाठांत टाळता येतात, हा लाभ वेगळाच.

काम मागे पडले की माणसे वाढवावीत, असा सल्ला सर्रास दिला जातो. संगणकशास्त्रज्ञ फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात यासंबंधी सावध केले आहे. उशीर झालेल्या प्रकल्पात नवी माणसे घातल्यास तो अधिकच लांबतो, असे त्यांचे निरीक्षण होते. कारण जुन्या माणसांचा वेळ नव्यांना समजावून देण्यात जातो. पाठनिर्मितीतही नव्या लेखकाला आराखडा, भाषेची पातळी आणि मांडणीचे नियम समजावून द्यावे लागतात, हे विसरता येत नाही.

न कापावयाचा टप्पा

मुदत जवळ आली की कोणता तरी टप्पा गाळण्याचा मोह होतो. छपाई गाळता येत नाही, लेखन गाळता येत नाही. म्हणून बहुधा पूर्वचाचणीवर गदा येते. तज्ज्ञांनी पाठ तपासलाच आहे, मग सदस्यांना दाखविण्याची गरज काय, असा युक्तिवाद केला जातो. परंतु मजकूर बरोबर आहे की नाही एवढेच तज्ज्ञ सांगू शकतात; तो शिकणाऱ्याला समजतो की नाही, हे शिकणाराच सांगू शकतो. अंदाजपत्रकाचा पाठ विषयदृष्ट्या निर्दोष असेल, पण प्रथमच निवडून आलेल्या सदस्येला त्यातील तक्ता वाचता आला नाही, तर ग्रामसभेत ती प्रश्न विचारू शकणार नाही. वाचविलेल्या पाच दिवसांची किंमत तिला पाच वर्षे मोजावी लागेल.

‘साइट’च्या काळात समाजशास्त्रीय संशोधनाची स्वतंत्र व्यवस्था करण्यात आली होती आणि काही अभ्यासक निवडक खेड्यांत प्रत्यक्ष मुक्काम करून निरीक्षण करीत होते. वेळेचे एवढे दडपण असलेल्या प्रयोगातही प्रेक्षकाकडे पाठ फिरविण्यात आली नव्हती, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पूर्वचाचणी शेवटी येते म्हणूनच ती धोक्यात येते. यावर उपाय असा की, पहिलाच पाठ लवकर पूर्ण करून पाच-सहा सदस्यांना दाखवावा. त्यात आढळलेले दोष उरलेल्या अकरा पाठांत शिरत नाहीत आणि अखेरची चाचणीही हलकी होते.

मान्यता कोणाची?

पाठनिर्मितीतील विलंबाचे एक मोठे कारण म्हणजे निर्णयाची अनिश्चितता. तीन तज्ज्ञ तीन दिशांनी दुरुस्त्या सुचवितात आणि लेखक एकाची दुरुस्ती करून दुसऱ्याचा रोष ओढवून घेतो. म्हणून आरंभीच चार गोष्टी लेखी ठराव्यात : काम कोण करील, सल्ला कोण देईल, अखेरचा शब्द कोणाचा असेल आणि कोणाला केवळ माहिती द्यावयाची आहे. अखेरचा शब्द एकाचाच असावा. दुरुस्त्या किती वेळा स्वीकारल्या जातील, हेही सांगून ठेवावे. आराखड्यावर दोन फेऱ्या, लिखित पाठावर दोन फेऱ्या आणि ध्वनिमुद्रणानंतर केवळ चुकांची दुरुस्ती, असा नियम पुरेसा ठरतो. कागदावर एक वाक्य बदलण्यास क्षण पुरतो. तेच वाक्य मुद्रित झाल्यावर बदलण्यास निवेदक, तंत्रज्ञ आणि चित्रणगृह यांना पुन्हा एकत्र आणावे लागते.

विषयतज्ज्ञ हा प्रकल्पप्रमुखाच्या हाताखालील माणूस नसतो. त्याला आपली नोकरी, अध्यापन किंवा रुग्णसेवा सांभाळून हे काम करावयाचे असते. त्याला आज्ञा देता येत नाही. त्याचा वेळ वाया जाणार नाही अशी व्यवस्था मात्र करता येते. ‘सवडीने पाहावे’ असे लिहून शंभर पाने पाठविण्याऐवजी बारा पाने पाठवून, ‘पान ४ व पान ९ वरील नियम आजही लागू आहेत काय, एवढे गुरुवारपर्यंत कळवावे’ असे विचारल्यास उत्तर वेळेवर येण्याची शक्यता वाढते. सौजन्य आणि नेमकेपणा हीदेखील व्यवस्थापनाचीच साधने होत.

कौशल्य कसे मिळवावे?

हे कौशल्य मिळविण्यासाठी मोठा प्रकल्प हाती येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. शिक्षकाने आपल्या शाळेतील एका प्रदर्शनाचे किंवा प्रशिक्षकाने तीन दिवसांच्या वर्गाचे नियोजन या पद्धतीने करून पाहावे. प्रथम कामांची फोड लिहावी, दिवसांचा अंदाज करावा, परस्परावलंबी कामे बाणांनी जोडावीत आणि निर्णायक मार्ग शोधावा. हेन्री गँट यांच्या नावाने ओळखला जाणारा आडव्या पट्ट्यांचा तक्ता चौकटीच्या कागदावरही काढता येतो. संगणक असल्यास तो तेथे काढावा. परंतु साधन बदलल्याने विचार बदलत नाही. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, अर्ध्या तासाची बैठक घ्यावी. तीत काय झाले, पुढे काय होणार आणि कोठे अडले, हे तीनच प्रश्न विचारावेत.

काम संपल्यावर सर्वांनी एकत्र बसून अंदाज व प्रत्यक्ष यांतील फरक पाहावा. दोष कोणाचा हे शोधण्यासाठी ही बैठक नसावी. पुढच्या वेळी काय वेगळे करावे, हे ठरविण्यासाठी असावी. बहुतेक ठिकाणी काम संपताच मंडळी पांगतात आणि तीच चूक पुढील वर्षी नव्याने घडते.

आज साधने पुष्कळ वाढली आहेत. ५ सप्टेंबर २०१७ रोजी ‘दीक्षा’ या राष्ट्रीय व्यासपीठाचा प्रारंभ झाला, आणि पाठ्यपुस्तकातील सांकेतिक चौकटीवर मोबाइल धरताच त्या पाठाचे पूरक साहित्य पाहता येऊ लागले. मुक्त विद्यापीठांचे शिक्षण तर आरंभापासून अशा साहित्यावरच उभे आहे. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने १९७१ साली पहिल्या विद्यार्थ्यांना शिकविण्यास प्रारंभ केला, तेव्हा पाठ एकट्या प्राध्यापकाने न लिहिता अभ्यासक्रम-गटाने मिळून तयार करण्याची पद्धत अवलंबिली. १९८९ साली नाशिक येथे स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठही स्वयंअध्ययनाच्या साहित्याद्वारे घरी बसून शिकणाऱ्यांपर्यंत पोहोचले. अशा विद्यार्थ्यासमोर शिक्षक उभा नसतो. पुस्तक वेळेवर न आल्यास ती उणीव वर्गातील स्पष्टीकरणाने भरून काढता येत नाही.

पाठ रचणाऱ्याला मुलांचे मन कळावे लागते, विषय कळावा लागतो आणि भाषा कळावी लागते. या तिन्हींच्या जोडीला कामाचा क्रम, वेळ आणि माणसे यांची जाण आली, म्हणजेच चांगला पाठ ठरल्या दिवशी ठरल्या गावी पोहोचतो. बारा पाठांच्या लहानशा अभ्यासक्रमाचे नियोजन ज्याने एकदा मन लावून केले, त्याला पुढे बारा हजार शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा आराखडाही परका वाटणार नाही.